केकच्या मसाल्याचा चहा

१४ ऑक्टोबर, दुपारी सव्वाचार.

नेमक्या याच वेळी सुनेने पिपलानी वसाहतीतून आलेल्या पाहुण्यांच्या चहात केकचा मसाला घातला. बरणीत उरलासुरला होता तो सगळा संपला. गेल्या दसऱ्यानंतर यांनी कुटलेला तो शेवटचा मसाला. मार्चमध्ये हे गेले.

“मम्मीजी, मुझे लगा चाय मसाला है.”

बरणीवर चिठ्ठी नव्हती, खरंय. हे असताना चिठ्ठी लागलीच नाही कधी. पण मला विचारायला तोंड नव्हतं का?

आणि मी? तोच चहा प्याले, वर छान झालाय म्हणाले. यांच्या हातचं जायफळ मला ओळखता येऊ नये?

दालचिनी, सुंठ, लवंग आणून ठेवलीय. अहो, प्रमाण तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. रविवारी कुटायला बसणार आहे, सकाळी दहाच्या आत लेखी उत्तर हवं.