यशोधरेचे दोन शब्द

सातपूर, नाशिक
मंगळवार

तीर्थरूप वत्सलाअक्का,

सुमनचा सविनय जयभीम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? देवळ्याची थंडी गुडघ्यांच्या वाईटावर असते, तेव्हा शेकायचा कंटाळा करू नका. इकडची काळजी नको. मी मजेत आहे. स्वयंपाक एकटीपुरता, त्यामुळे सकाळची भाजी संध्याकाळीही माझी वाट बघत असते (घरात वाट बघणारी तेवढी तीच). शेजारच्या बायडाबाई रोज येऊन बसतात आणि जाताना पेपर घेऊन जातात.

पत्राचं कारण असं, की सुमनने तुमच्या भावाचा स्मृतिदिन तुम्हाला न कळवता उरकला, ही बातमी एव्हाना तुमच्या कानावर गेली असेल आणि तुम्ही रागावून बसला असाल. तुमच्या गळ्याशपथ सांगते, अक्का, तो स्मृतिदिन नव्हता. नाटक होतं.

शाळेतून रिटायर झाल्यापासून कोणावर ओरडायची सोय राहिली नाही, म्हणून मी एकपात्री लिहिलं. यशोधरेवर, चाळीस मिनिटांचं. सिद्धार्थांनी घर सोडलं ते यशोधरेला सांगून, तिची संमती घेऊन, हे आपल्यात पोरासोरांनाही पाठ आहे. माझं म्हणणं एवढंच, की संमती देणारीचं पुढे काय झालं ते कोणी विचारत नाही. जगाने त्यांचा त्याग पाहिला, हिचा कोण बघणार? (हे वाक्य आरशासमोर म्हणताना मला स्वतःलाच टाळी द्यावीशी वाटायची.) तुमच्या भावाशी या नाटकाचा काडीचाही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवते.

चूक झाली ती निमंत्रणात. कॉलनीच्या ग्रुपवर मी लिहिलं, रविवारी सायंकाळी पाच वाजता विहारात यावे, नंतर खीर आहे. नाटक म्हटलं असतं तर निम्मे लोक फिरकले नसते, म्हणून तो शब्द मुद्दाम गाळला आणि तिथेच फसले. आपल्यात वर्ष भरत आलं की तारखेसाठी अडून न बसता जवळचा रविवार धरतात. यांना जाऊन अकरा महिने झालेले. अशा बाईने रविवारी विहारात बोलावलं, वर खीर, म्हणजे काय असणार हे कोणी कोणाला विचारलंसुद्धा नाही. सगळे पांढऱ्या कपड्यांत हजर. मीही पांढऱ्या साडीत, कारण यशोधरेने राजवस्त्रं सोडली होती.

सिद्धार्थांचं रिकामं आसन म्हणून मी एका खुर्चीवर पांढरी चादर घालून ठेवली होती. मी पडद्यामागे पदर नीट करत असताना बायडाबाईंना ती खुर्ची रिकामी दिसली. बिचारी सुमन दुःखात फोटो विसरली, असं त्यांनी ठरवलं. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. मी बाहेर आले तर खुर्चीवर यांचा फोटो, त्याला हार, पुढे मेणबत्ती, आणि अख्खा विहार हात जोडून उभा. त्रिशरण-पंचशील सुरू झालं. आता त्यात मध्ये कोण बोलणार? मीही म्हटलं. मग दोन मिनिटं शांतता, मग भाषणं. ओझरच्या कारखान्यातल्या यांच्या एका सोबत्याने यांच्या शिस्तीवर पंधरा मिनिटं घेतली (शिस्त, अक्का. ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्या माणसाची). शेवटी विहार समितीचे अध्यक्ष सावळीरामदादा म्हणाले, "आता सुमनताई दोन शब्द बोलतील." यशोधरेचा रंगमंचावरचा प्रवेश हा असा झाला.

पहिली दहा मिनिटं मी लिहिल्याबरहुकूम बोलले. राहुलला कडेवर घेतलं, सिद्धार्थांना मोठ्या मनाने निरोप दिला. मग नजर फोटोवर गेली. या माणसाने बत्तीस वर्षं मला ऊठसूट उठवलं. चष्मा सापडत नाही, ऊठ. नळाला पाणी आलं, ऊठ. खिडकीत कबुतर बसलंय, ऊठ, बघ. आणि त्या एका सकाळी स्वतःचा चहा स्वतः करून, कप धुऊन, दार हळूच ओढून घेऊन फिरायला गेले, ते रस्त्यातच गेले. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला उठवलं का नाही?"

पहिल्या रांगेतून सावळीरामदादा दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, सांगून गेले ते. आपल्यात सांगून गेले."

मी म्हटलं, "ते गेले असतील सांगून. हे नाही गेले."

पुढचं मला नीट आठवत नाही. टॉवेल आला, डबाही आला. कपिलवस्तूत यशोधरा पहाटे उठून डब्याला भाकरी बांधायची, हे त्या दिवशी जगाला प्रथमच कळलं. बाया रडल्या. खीर संपली. बायडाबाई म्हणाल्या, "लय छान बोलली गं तू त्यांच्यावर." नाटकाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. फोटो काखेत धरून मी घरी आले आणि खिळ्याला अडकवला. सरळ लागलाय का हे सांगायला घरात कोणी नव्हतं, तो अजून तिरकाच आहे.

तेव्हा स्मृतिदिन व्हायचाच आहे. तुम्हाला सोडून मी तो करीन, असं तुम्हाला वाटलं तरी कसं?

घरच्या सर्वांना जयभीम.

तुमची भावजय,
सुमन

ता. क. आमच्या शाळेतल्या जुन्या बाईंनी पुढच्या महिन्यात नाटक पुन्हा ठेवलंय, या वेळी नाटक म्हणूनच. तालमीला बसते तर रिकाम्या खुर्चीपुढे तोंड उघडत नाही, आणि फोटो ठेवायचा धीर होत नाही. त्या खुर्चीत तुम्ही बसाल का? तुम्हा बहीणभावंडांची चेहरेपट्टी एकच, नाक तर हुबेहूब. तुम्हाला बोलायचं काही नाही. मी रागावेन, तेवढं ऐकून घ्यायचं.

आणखी एक. नाटकाचा यांच्याशी संबंध नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. विहारात त्या दिवशी कोणाचीच चूक झाली नव्हती. याल तेव्हा चार-आठ दिवसांच्या तयारीने या. आणि परत निघाल त्या दिवशी पहाटेची एसटी असली, मी अगदी गाढ झोपेत असले, तरी मला उठवून जा.