पूर्वपक्षालाच टाळ्या

सर,

काल संध्याकाळी मी एनिसच्या सभागृहात भाषणाला उभी राहिले आणि ज्यांचं म्हणणं खोडायचं होतं त्यांनीच मला टाळ्या वाजवल्या. हा घोळ तुमच्या शिकवणीमुळे झाला, आणि तो कसा झाला हे कळेल असं आता कुणी उरलेलं नाही. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे मला ठाऊक आहे. तरी तक्रार ज्याची त्याच्याकडेच करावी, म्हणून लिहायला बसले.

आधी मी इथे काय करते ते सांगते. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर मी आयर्लंडला लेकीकडे आले. ती इंजिनिअर आहे, शॅननला एका अमेरिकन कंपनीत; राहायला आम्ही जवळच एनिसला. शॅननला विमानतळ आहे. हा देश स्वतःला तटस्थ म्हणवतो, कुणाच्या लष्करी गटात नाही, पण अमेरिकेचे सैनिक लढायला निघाले की त्यांची विमानं इथे उतरतात, तेल भरतात आणि पुढे जातात. आमची शेजारीण, निवृत्त नर्स, महिन्यातून एका रविवारी विमानतळाच्या वाटेवरच्या राउंडअबाउटवर, गोल चौकात, या विमानांविरुद्धचा फलक घेऊन उभी राहते. आठ-दहा म्हातारी माणसं, एक थर्मास आणि वारा. मी पहिल्यांदा गेले ती तिला सोबत म्हणून. दुसऱ्यांदा माझी मी गेले. मागच्या महिन्यात ती म्हणाली, “लायब्ररीवाले चर्चा ठेवताहेत, दोन्ही बाजूंची माणसं येतील. तू आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलंस, आमच्या बाजूने तूच बोल.” मी हो म्हटलं. शब्द दिल्यावर मी तो फिरवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

घरी सांगितलं तेव्हा लेक पोळ्या भाजत होती. ती म्हणाली, “आई, उभी राहतेस ते ठीक आहे गं. पण भाषण? लोक रेकॉर्ड करतात, कुठेही टाकतात.”

“टाकू देत.”

“आपलं आडनाव एकच आहे.”

“लग्नात बदललं नाहीस. आता बदल.”

“जोक नको. भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, मला बॉस्टनला जायचंय. तिथे पोचल्यावर नाही, इथेच, शॅननलाच, विमानात बसायच्या आधी अमेरिकेचा ऑफिसर पासपोर्ट तपासतो. फोन मागितला तर मी काय नाही म्हणू? परत पाठवलं तर प्रोजेक्ट गेला, आणि प्रोजेक्ट गेला तर...” एवढं बोलून तिने खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. खिडकी बंद होती. बाहेर शेजारणीचं मांजर सोडून कुणी नव्हतं. माझी लेक स्वतःच्या स्वयंपाकघरात, मराठीत, कुजबुजत होती.

मला तुमचं घर आठवलं. शनिवारी दुपारी आम्ही चार-पाच विद्यार्थी जमायचो आणि वाद घालण्याआधी तुम्ही प्रत्येकापुढे मेथीची जुडी टाकायचात. हात गुंतलेले असले की माणूस हातवारे करत नाही, असं तुमचं म्हणणं होतं. काकू मात्र म्हणायच्या, “यांना फुकटात भाजी निवडून हवी असते.” व्हिएतनामची लढाई तेव्हा संपत आली होती. एका शनिवारी मी मेथी सोडून ताडकन उभी राहते आणि अमेरिकेवर तुटून पडते. तुम्ही मान वर न करता म्हणता, “खाली बस. ज्याच्याविरुद्ध बोलतेस त्याला तू अजून तोंडच उघडू दिलेलं नाहीस. आधी त्याचा पूर्वपक्ष. त्याने ऐकला तर म्हणायला हवा, मला इतकं नीट सांगता आलं नसतं. मग तुझं.” माझे कान लाल झाले होते. त्या दिवशी रागारागात मी देठसुद्धा भाजीत टाकले. पण अमेरिकेची बाजू मी आठवडाभर वाचली, आणि पुढच्या शनिवारी मांडली.

पुढे आणीबाणीत तुमच्या वर्गात मागच्या बाकावर एक अनोळखी माणूस येऊन बसू लागला. कोण ते सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही अमेरिकेची घटना शिकवत होता. सरकारने माणसाच्या तोंडाला हात लावायचा नाही, हे त्यांनी कसं लिहून ठेवलंय ते सांगताना तुमचा आवाज नेहमी मऊ व्हायचा. तो माणूस मागे बसलेला असतानाही मऊ झाला, पण दबका झाला नाही. तुम्हाला तो देश मनापासून आवडायचा, म्हणून त्याच्या लढायांचा तुम्हाला इतका राग यायचा. आता त्याच देशाच्या एका ऑफिसरच्या धाकाने एनिसमधली पोळी तव्यावर करपत होती.

मी लेकीला म्हटलं, “तुझं नाव घेणार नाही, तुझ्याबद्दल बोलणार नाही.” ती म्हणाली, “बोलू नकोस असं मी म्हणणार नाही. पण तू बोलू नयेस असं मला वाटतं.” तिने करपलेली पोळी स्वतःच्या ताटात घेतली.

काल मला पंधरा मिनिटं होती. मी तुमच्या पद्धतीने सुरुवात केली. विमानातून उतरणारी ती मुलं गरीब गावांतली आहेत, त्यांना चहा आणि स्वच्छ संडास मिळायला हवा, यात वाद नाही. या भागात दुसरं काम नव्हतं तेव्हा विमानतळाने घरं चालवली. लहान देशाला एकट्याने स्वतःचं रक्षण करता येत नाही. आणि इथल्या कितीतरी घरांतलं पीठ अमेरिकन कंपन्यांच्या पगाराचं आहे. सर, मी छान बोलले. इतकी छान की मागच्या रांगेतली विमानतळावर कामाला असलेली माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली. एक लालबुंद चेहऱ्याचा गृहस्थ ओरडला, “फेअर प्ले टू यू, मिसेस!” ही इथली शाबासकी. शेजारणीने “जीझस, मेरी अँड जोसेफ” असा देवाचा धावा करून डोळे मिटले. आणि अध्यक्षबाई घड्याळ पाहून म्हणाल्या, “खूप आभार. वेळ संपत आलीय, पुढचे वक्ते...”

पूर्वपक्षातच माझी पंधरा मिनिटं उडाली होती. तुमच्या घरी घड्याळ नव्हतं, किंवा कुणी बघत नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, “तिचं संपलेलं नाही.” दाराशी भिजलेल्या कोटात माझी लेक उभी होती. ती येणार हे मला माहीत नव्हतं. “ही माझी आई. मी सोळा वर्षांची असताना मला मैत्रिणींबरोबर गोव्याला जायचं होतं. हिने दहा मिनिटं माझी बाजू माझ्यापेक्षा भारी मांडली. मी बॅग काढायला उठले. मग ही म्हणाली, आता माझं ऐक. मी अजून गोवा बघितलेला नाही.” सगळे हसले. “तर ते ‘आता माझं ऐका’ अजून यायचंय.”

अध्यक्षबाईंनी दोन मिनिटं दिली. माझा उत्तरपक्ष तयार होता, पण तो दोन मिनिटांत मावणारा नव्हता, आणि त्यातली सगळ्यात खरी गोष्ट माझी नव्हती. ती न सांगण्याचा शब्द मी दिला होता. मी माइक लेकीकडे केला. तिने नकारार्थी मान हलवली. मी हात तसाच ठेवला, आग्रह केला नाही. मग ती पुढे आली.

ती फार बोलली नाही. म्हणाली, “शॅननला आम्हाला तपासणारा अमेरिकेचा ऑफिसर सभ्य असतो. मागच्या वेळी त्याने माझ्याशी क्रिकेटबद्दल गप्पा मारल्या. त्याने माझं काही वाकडं केलेलं नाही. पण गेल्या रविवारी मी माझ्या फोनमधून आईचा फोटो काढून टाकला. राउंडअबाउटवर फलक धरून उभी आहे, टोपी वाऱ्याने एका कानावर गेलीय. मला कुणी सांगितलं नव्हतं काढायला. माझी मीच काढून टाकला. लढाई लांब कुठेतरी चालते असं आपण म्हणतो. एवढंच.” आणि माइक खाली ठेवला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण मागच्या रांगेतलं कुणी उठूनही गेलं नाही, आणि ते त्यांची बाजू आधी ऐकून झाली होती म्हणूनच, असं मला वाटतं. निघताना तो लालबुंद गृहस्थ दार धरून उभा होता. म्हणाला, “मिसेस, संडासाबद्दल तुम्ही बोललात ते शंभर टक्के खरं. मी मत बदलणार नाही. पण त्या पोरीला सांगा, आईचा फोटो असा काढून टाकायचा नसतो.” शेजारीण गाडीत म्हणाली, “पुढच्या वेळी उलट्या बाजूने सुरू कर, मला हृदयविकार आहे.” लेक घरापर्यंत हसत होती. मीही हसले, तेव्हा तक्रार मागे घेते.

हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. घडी घालून ठेवीन. फक्त एक सांगते, कारण तुम्ही विचारलंच असतंत. अध्यक्षबाईंनी आभार मानले तेव्हा मी चष्मा काढायला लागले होते. टाळ्या मला आवडल्या होत्या, आणि वाटलं, राहू दे असंच, पोरीचं काम बिनबोभाट होईल. ती बोलली नसती तर मी खाली बसले असते.

आज गुरुवार. सकाळी दारात बूट घालताना लेक म्हणाली, “आई, तो फोटो तुझ्याकडे आहे ना? दे.” मी विचारलं, “परत आल्यावर देऊ?” ती म्हणाली, “आत्ता.” तिची टॅक्सी वळायच्या आत मी तो तिच्या फोनवर पाठवला. फोटो पोचल्याची खूण उमटली.