आडनावातलं शेवटचं अक्षर

मोलो, इलोइलो
१२ जानेवारी

माननीय अध्यक्ष श्री. राफाएल दीबुनको यांस,

आपली प्रकृती उत्तम असेल. माझीही बरी आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात.

आपल्या वकिलांचं पत्र शनिवारी मिळालं. आपण आडनाव नोंदवून घेतलंत म्हणे. मनोऱ्यांसाठी, मॉलसाठी, पाण्याच्या बाटलीसाठीसुद्धा. तेव्हा "कुटुंबाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने" ते महिन्याभरात माझ्या बेकरीच्या पाटीवरून उतरवावं. पत्रात व्याकरणाच्या तीन चुका आहेत. छत्तीस वर्षं मुलींना शिकवलंय मी. लाल शाईनं दुरुस्त करून सोबत जोडलंय.

शेजारची पासिंग म्हणाली, "अगं सोलेदाद, बाटलीला चालतं आणि तुला नाही? तू काय गळतेस?"

मी तडक कॉन्व्हेंटमध्ये गेले. जुनं दाखलपुस्तक काढायला लावलं. सिस्टर म्हणाल्या, "बाई, आधी बसा, धाप लागलीय तुम्हाला." कसली बसते! १९५८चं, माझ्या शाळाप्रवेशाचं पान निघालं. आईनं आडनावाची जागा कोरी सोडली होती. तिथे दुसऱ्या शाईत दीबुनको, आणि शेजारी आपल्या वडिलांची सही. ते वळण आपण रोज चेकवर गिरवता.

दर गुरुवारी ते आमच्याकडे जेवायचे. एवढंच सांगते, बाकीचं आईनं कधी कुणाला सांगितलं नाही, मीही नाही.

आणि आडनाव तरी काय हो? आपले पणजोबा (दोघांचे) दी बुन चीनहून इथे फिलिपिन्समध्ये होडीतून उतरले. धक्क्यावरचे लोक त्यांना चिनी रीतीनं 'बुन को' म्हणायचे, म्हणजे बुनदादा. पाद्रीबाबांनी बाप्तिस्म्याच्या वहीत सगळं एका दमात जोडून लिहिलं. म्हणजे तुम्ही चाळीस मजल्यांवर 'दादा' लिहून ठेवलंय आणि तो शब्द वापरायला मला बंदी घातलीय.

तीही दुसऱ्यांदा. तू अकरा वर्षांचा होतास. एका गुरुवारी त्यांच्यासोबत आलास, आईच्या भट्टीतले सहा खरपूस बिस्कोचो खाल्लेस. मी म्हटलं, "को, अजून एक घे." तू म्हणालास, "तू मला तसं म्हणायचं नाहीस."

मग नाहीच म्हटलं.

काल रंगारी बोलावला. 'दीबुन' खरवडून टाकलं. शेवटचं अक्षर ठेवलंय, लाल रंगात, हातभर उंच. गिऱ्हाइकं विचारतात, "कुणाचा को?" मी सांगते, "माझा." त्यावर हवी तर आणखी एक नोटीस पाठव.

सोबतच्या डब्यात सहा बिस्कोचो आहेत. सातवा इथे ठेवलाय. तो न्यायला स्वतः ये, को.

तुझी बहीण,
सोलेदाद
(आडनाव तुझ्याकडे आहे)