पहिल्या नंबरचा अवधूत

अल हिलाल, दोहा
११ ऑक्टोबर २०२५

ती. जयमालाताईस,
सुरेशचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि मला धड सांगता येत नाही, म्हणून नाशिकला निघालेल्या शेजाऱ्यांबरोबर हे पत्र. शोभा मजेत. प्लांटवर माझ्या ड्युट्या चालूच.

विषय अवधूतचा. इथल्या आपल्यासारख्यांच्या पोरांची बास्केटबॉल लीग आहे. आठ टीम पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. यंदा चोवीस पोरांत पहिलं नाव पुकारलं ते आपल्या अवधूतचं. साऱ्या बिल्डिंगला पेढे वाटले. आता सहा सामने झालेत आणि त्याची सरासरी पाच गुण. पाचवा निवडलेला, माझ्या प्लांटवरच्या नजम्याचा पोरगा जैद सोळा करतो. अवधूतच्याच टीमनं नववा घेतलेला वली अकरा. मी चोविसांचा तक्ता केलाय, सोबत जोडतो. आपला एकोणिसावा.

परवा जेवताना तो तक्ता त्याला दाखवला. ताट घेऊन खोलीत गेला, तेव्हापासून ‘ओके’पलीकडे बोलत नाही. कुणाला ठेवायचं ते टीम डिसेंबरात ठरवेल. त्याआधी मीच म्हणू का, खलास, आता इंजिनिअरिंगकडे बघ? तू अठ्ठावीस वर्षं पोरींना बास्केटबॉल खेळवलंस. निवडणारे चुकले की आपला पोरगा?

लोभ आहेच, उत्तरही लवकर असावं.
तुझा सुरेश

नाशिक
२ नोव्हेंबर २०२५

चि. सुरेश यास,
अ. उ. आ.

तक्ता पाहिला. रेघा सुरेख मारल्यास, पोरगा मात्र त्यात कुठे दिसला नाही. तो किती मिनिटं खेळतो? बास्केटवर चेंडू किती वेळा टाकतो? कोचनं त्याला काम काय दिलंय? जैदच्या टीममध्ये गुण करणारं दुसरं कुणी आहे का? यातलं एकही तू लिहिलेलं नाहीस. सहा सामन्यांत एकोणीस वर्षांच्या पोराला तोलायचं म्हणजे मुरायच्या आधीच लोणच्याला नावं ठेवायची.

आणखी एक. विद्यापीठाच्या टीममध्ये मी पहिली निवडले गेले आणि कमलिनी शेवटची, हे तुला ठाऊक आहे, कारण घरात तेवढंच सांगतात. तिसऱ्या वर्षी ती कॅप्टन होती आणि मी बाकावर. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, कमलिनीचे किती झाले? मी कशी खेळले, हे एकदाही नाही. मी खेळ सोडला तो गुडघ्यामुळे नव्हे, सुरेश.

पुढच्या सामन्याला चेंडूकडे बघू नकोस. अवधूतकडे बघ. मग लिही.

माया आहे म्हणूनच कान धरते.
ताई

अल हिलाल, दोहा
२९ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न.

गुडघ्याचंच मी आजवर खरं मानत आलो होतो. पत्र वाचल्यावर दोन दिवस तक्ता उघडला नाही.

काल जैदच्या टीमशी सामना झाला. अवधूतवरून नजर हलवली नाही. ताई, जैद पाणी प्यायला गेला तर हाही मागोमाग जाईल की काय, असं वाटत होतं! अवधूत चोवीस मिनिटं खेळला, त्यात जैदचे चार गुण. आठ मिनिटं बाहेर बसला, तेवढ्यात जैदनं अकरा केले. आम्ही तीन गुणांनी हरलो.

मग कोचला गाठलं. तो हिंदीत म्हणाला, समोरचा सगळ्यात भारी गडी अडवायला पहिल्या दिवसापासून अवधूतलाच देतो. ते काम करणाऱ्याच्या नावावर काही लागत नाही. पण हेही म्हणाला, की सात फ्री थ्रोंपैकी दोनच आत जातात, चेंडू हातात आला की पोरगा घाबरतो. कधीपासून, विचारलं. म्हणाला, ऑक्टोबरपासून. तक्ता मी ऑक्टोबरातच दाखवला होता.

गाडीत त्याला ते चार आणि अकरा सांगायला गेलो. तो इंग्रजीत म्हणाला, बाबा, तुम्ही अजून मोजताच आहात. मग विचारलं, आज खेळताना मजा आली का? म्हणाला, जैद समोर असला की नेहमीच येते.

असेच कान धरत जा.
तुझा सुरेश

अल हिलाल, दोहा
२० डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,
नमस्कार.

मराठीत माझं हे पहिलंच पत्र. आई बाजूला बसून वेलांट्या सुधारतेय.

टीमनं मला ठेवलं, पण पहिल्या पाचांत नाही. माझ्या जागी वली सुरुवात करणार. वाईट वाटलं. तूही बाकावर बसायचीस, असं बाबांनी सांगितलं; तेव्हा काय बघायचीस, ते मला लिही.

घरी येऊन बाबांना सांगितलं. हेही सांगितलं, की आज तरी जैद माझ्यापेक्षा चांगला आहे, आणि मला पहिला नंबर उंचीमुळे मिळाला होता. वाटलं, आता तक्ता निघणार. बाबांनी विचारलं, जैद नेमकं काय करतो जे तुला जमत नाही? हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

मी त्यांना खाली पार्किंगमध्ये नेलं. जैद उजवीकडे खांदा टाकतो आणि डावीकडून निसटतो, ते दाखवलं. बाबा म्हणाले, परत दाखव. पाच वेळा दाखवलं. मग ऑफिसच्या बुटांतच स्वतः करायला गेले आणि धपकन बसले. आम्ही खूप हसलो. उठून म्हणाले, यल्ला, चल, आता मला चुकवून जा. मी निसटलो, तर त्यांनी मागून माझा शर्टच धरला! तो फाउल असतो, हे त्यांना मान्य नाही. तू सांग त्यांना.

तुझी माया राहू दे, माझी आहेच.
अवधूत