पाटीमागचे पत्ते

लुडविग्सहाफेन, रविवार

ती. सासूबाईंना ऊर्मिलाचा नमस्कार.

आई, आज मी चर्चमध्ये ओझी वाहिली! लॅबमधली जॉर्जेट मेल्काइट आहे, म्हणजे सिरियाकडची, अरबीत प्रार्थना करणारी जुनी ख्रिस्ती मंडळी. त्यांचं स्वतःचं चर्च नाही. जर्मन लोकांची प्रार्थना आटोपली की त्यांना दोन तास मिळतात. तेवढ्यासाठी दर रविवारी वेदीपुढे संतांच्या चित्रांची अख्खी लाकडी भिंत उभी करायची आणि पुन्हा उतरवून तळघरात ठेवायची. आज माणसं कमी होती, म्हणून मी गेले.

त्या भिंतीतल्या एका चित्राच्या पाटीमागे पेन्सिलीनं आजवरच्या प्रार्थनेच्या जागांचे पत्ते लिहिले होते. शाळेचा हॉल, हॉस्पिटलमधली खोली, असे सहा.

"हाच आमचा इतिहास," जॉर्जेट म्हणाली. "करोना सोडला, तर बारा वर्षांत एक रविवार चुकला नाही."

"कंटाळा नाही येत?"

"येतो की. म्हणून तर सगळे मिळून उचलतो."

काय माणसं आहेत!

तुम्ही कुळाचे चांदीचे टाक देत होतात, तेव्हा मी म्हटलं होतं, भाड्याच्या घरात देव कुठे ठेवू? तुम्ही ते परत कापडात गुंडाळलेत. जागा होती, आई. मलाच रोजची पूजा नको होती.

हे पत्र पाठवायचं धाडस नाही. डिसेंबरात आले की समोर बसून टाक मागेन.

आज घरी येऊन टाकांसाठी कपाटातली एक फळी काढून स्वच्छ पुसली. मागे पेन्सिलीनं या घराचा पत्ता लिहिला. आधीच्या तीन घरांत देवांना जागाच दिली नव्हती, त्यांचे लिहिता आले नाहीत.

तुमची सून,
ऊर्मिला