चौदा खोकी कोरे कागद

प्रिय ठमे,

हे पत्र नेहमीसारखं शेजारच्या काकूंकडे वाचून घ्यायला नेऊ नकोस. का, ते शेवटी सांगतो. आधी मला मनसोक्त चिडू दे. महिनाभर दात-ओठ खाऊन माझी दाढ दुखायला लागली आहे.

तू परदेशातून तुझ्या जुन्या शाळेतल्या नऊ मुलींसाठी विज्ञानाची पुस्तकं पाठवलीस ना, ती चौदाच्या चौदा खोकी बंदरावर कस्टमवाल्यांनी जप्त केली. कारण ऐक. तू कागदपत्रांत लिहिलं होतंस 'छापील पुस्तके'. साहेबांनी एक खोकं फोडलं, पानं उलटली आणि जप्तीच्या कागदावर ठोकून दिलं : आत कोरे कागद आढळले, मालाचे वर्णन खोटे आहे. कोरे! अगं, टिंब न् टिंब तपासून तू छापलेली पानं, आणि या गृहस्थांना शाई दिसली नाही म्हणून ती कोरी! ब्रेल त्यांना ठाऊक नसेल असं धरू. पण बोट फिरवून बघायला काय पैसे पडतात? उलट खाली शेरा मारला, की कागद ओलाव्याने खडबडीत झाला आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुलींची परीक्षा सात आठवड्यांवर. छापखान्यात चाळीस वर्षं शिशाच्या उलट्या अक्षरांचे खिळे जुळवलेल्या माणसाला कागदातलं कळतं म्हणे, म्हणून शाळेनं माल सोडवायला मला धाडलं. अकरा हेलपाटे घातले. या खिडकीवरून त्या खिडकीवर. एका बाईंनी तर अक्षर गचाळ आहे म्हणून अर्ज परत केला. माझं अक्षर, ठमे! शेवटी तुझ्या शाळेच्या मोठ्या बाईंना घेऊन गेलो. त्यांचे गुडघे आता जिन्याला नाही म्हणतात, तरी तीन मजले चढल्या. साहेबांनी एक पान काढून त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी बोट टेकवलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, की पान उलटं धरलंय. मग ते सरळ करून घेतलं आणि झाडाची मुळं पाणी कसं शोषतात ते घडाघडा वाचून दाखवलं. माणूस शरमेल की नाही? छे! साहेब म्हणाले, पाठ केलं असेल.

तरी त्या दिवशी 'तात्पुरती सुटका' तेवढी पदरात पडली. म्हणजे माल आपल्याकडे, पण सुटलेला नाही. कागद प्रयोगशाळेत जाणार, तिथे तो कोरा आहे की नाही ते ठरणार, आणि अंतिम निकालाला सहा-आठ महिने. तोवर मी हमीपत्र द्यायचं, की मागाल तेव्हा माल हजर करीन आणि त्याची झीज होऊ देणार नाही. ब्रेल वाचलं की टिंबं दबतात, हे तुला मी काय सांगणार! थोडक्यात, पुस्तकं शाळेत ठेवा, पण मुलींनी हात लावायचा नाही. मी मुकाट्यानं सही केली, खोकी टेम्पोत घातली आणि त्याच दुपारी पुस्तकं नऊजणींच्या हाती दिली. बोलावू देत मला. तुम्हीच कोरे कागद म्हणालात, मग कोऱ्या कागदाची झीज कसली, असं तोंडावर विचारीन.

हा जप्तीचा कागद मी खिशात घालून हिंडत होतो. भेटेल त्याला दाखवायचो, बघा कसली माणसं आहेत! एकदा बसमध्ये तो पुन्हा वाचताना 'कोरे कागद' या शब्दांशी अडलो. तू सहावीत होतीस. छापखान्यात माझ्या टेबलावर तुझी निबंधाची वही पडली होती. छपाई नीट उठत नव्हती, यंत्रात खाली द्यायला जाड कागद हवा होता. मी तुझी पानं फाडून घातली. कोरी समजून. संध्याकाळी तू ती चाचपलीस, सगळी सपाट. आणि मी नवी वही आणतो म्हणून मोकळा झालो. त्या साहेबांना तू कोण कुठली, ठाऊक तरी नव्हतं. मी तर बाप होतो. सगळ्यांत जास्त राग मला त्या बापाचा येतोय.

ही माफी काकूंच्या तोंडून तुझ्या कानावर जावी, हे मला नको होतं. म्हणून मोठ्या बाईंकडे शिकायला बसलो. ती खाचांची पाटी आणि टोचायची दांडी. उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं टोचायचं. बाई म्हणाल्या, या वयात जड जाईल. मला हसूच आलं, उलटी अक्षरं जुळवण्यातच माझा जन्म गेला की! हे पत्र मी स्वतः टोचलंय, बारा दिवस लागले. चुका असतील, हसू नकोस. चुकलो मी, पोरी. तो निबंध कशावर होता, ते मी कधी विचारलंच नाही. आता लिहून पाठव. मी वाचीन.

तुझाच,
बोटं सुजलेला बाबा