मीनाबाग चहाची भिंत

मी, कांता बबन लोणारे, डाक खात्यातून निवृत्त, मूळ गाव पवनी, जिल्हा भंडारा, लग्नापासून राहणार अलीगंज, लखनौ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवीत आहे. गुडघे गेले आहेत, एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर त्याने सकाळी येऊन मी भाजीवाल्याशी कशी घासाघीस करते ते पाहावे.

वकील अभिराम यांचे म्हणणे होते की हे हिंदीत करावे, रजिस्ट्रारकडे सोयीचे पडते. मी म्हटले, भाषांतर तुम्ही जोडा. माझ्या मुलावर मी इतकी वर्षे मराठीतून रागावले आहे, तेव्हा हेही मराठीतूनच होईल.

कलम एक. माझे पती बबन वारले त्याच वर्षी मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द समजावे. त्यात असे वाक्य होते: "मुलगा अभय यास माझ्या मिळकतीतील काहीही मिळू नये, कारण त्याने आपल्या बापाचे काम झाकले." हे वाक्य वकिलांचे नव्हते, माझे होते. ते का रद्द करीत आहे, ते पुढे सविस्तर येईल. ज्यांना फक्त वाटणीशी मतलब आहे त्यांनी दोन ते चार ही कलमे आणि पाचव्याची पहिली ओळ एवढेच वाचले तरी चालेल.

कलम दोन. अलीगंजचे राहते घर अभय आणि मुलगी ऋता यांना निम्मे-निम्मे द्यावे. ऋता पुण्याहून फोन करून म्हणेल, "मला नको, सगळं दादाला द्या." तिचे ऐकू नये. लहानपणीही ती आपल्या वाटणीचा पेढा त्याला द्यायची आणि मग मोरीत जाऊन रडायची.

कलम तीन. पोस्टातील माझ्या ठेवी ऋताला. भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर, जी बबनने स्वतःच्या हाताने रंगवली, तीही ऋताला. सोन्याच्या बांगड्या सून चेतना हिला. अभयने या दारात येणे सोडले, तरी ती दर रविवारी डबा घेऊन येत राहिली. मी दार अर्धेच उघडत असे. डबा घेई, तिला आत बोलावत नसे. तिने कधी तोंड वाकडे केले नाही. बांगड्या थोड्या सैल होतील, तिने त्या मोडू नयेत, आतून दोरा गुंडाळावा.

कलम चार. बबनची मोठी शिडी माझे दीर विष्णू यांनी "चार दिवसांकरता" म्हणून नेली होती. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. शिडी परत आणून अभयला द्यावी. विष्णूभाऊजींना त्याबद्दल एक शब्दही बोलू नये, मी इथे बोलले तेवढे पुरे.

कलम पाच. बबनचे ब्रश, रंगाचे डबे, पट्टी आणि खडूचे डाग पडलेली लाकडी पेटी, हे सारे अभयला.

याबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. विष्णूभाऊजी आलमबागच्या रेल्वे कारखान्यात होते. त्यांच्या भरवशावर बबन लखनौला आला. रेल्वेने नोकरी काही दिली नाही, पण पूल दिले. पुलांच्या भिंती जाहिरातींसाठी ठेक्याने जात आणि त्या रंगवायला ठेकेदार बबनला बोलवीत. दंतमंजन, बनियन, सायकलचे टायर, खोकल्याचे औषध, असे सगळे त्याने शहरभरच्या पुलांवर लिहिले. पोस्टाला रविवारी सुट्टी, म्हणून रविवारी मी सोबत जाई. अक्षरांची ओळ आखायला दोरी लागते. ती गेरूत बुडवायची, एक टोक त्याने धरायचे, दुसरे मी. ताणायची, मध्ये चिमटीत धरून सोडायची, की भिंतीवर सरळ लाल रेघ उमटते. हे काम एकट्या माणसाला होत नाही. येणारे-जाणारे बघत, "देखो, मियाँ-बीवी दीवार नाप रहे हैं," म्हणून हसत. बबनला त्याचे फार कौतुक वाटे. मला लाज वाटे, पण पुढल्या रविवारी मी पुन्हा जाई.

डालीगंजच्या बाजूच्या पुलाखालची मीनाबाग चहाची भिंत ही त्याची सर्वांत आवडती. लाल अक्षरे, खाली काळी सावली, बाजूला निळा कप आणि कपातून वर जाणारी वाफ. ती वाफ ब्रशने जमेना. शेवटी त्याने माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या केल्या, पातळ पांढऱ्या रंगात बुडवल्या आणि टिपून टिपून वाफ काढली. थंडीत रिक्षावाले त्या भिंतीला पाठ लावून बसत आणि म्हणत, इथे जरा गरम वाटते. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिले आहे, "बबन आर्ट, अलीगंज". मीनाबाग कंपनी पुढे बंद पडली. भिंत राहिली.

मग फ्लेक्स आले. बबनची कामे सुटली. अभयने इंदिरा नगरमध्ये फ्लेक्स छापायचे दुकान काढले, तेव्हा बबन म्हणाला, "पोटासाठी कर बाबा, कर." त्याने खरोखर मनात काही ठेवले नव्हते. पण एक दिवस औषध घेऊन आम्ही रिक्षाने परत येत होतो आणि पुलाखाली अभय शिडीवर उभा होता. शिडीही तीच, विष्णूभाऊजींनी नेलेली, त्यांच्याकडून त्याने मागून आणलेली. मीनाबागच्या भिंतीवर तो कसल्याशा कोचिंग क्लासचा भला मोठा फ्लेक्स चढवीत होता. बापलेकांची नजरानजर झाली. बबन रिक्षावाल्याला एवढेच म्हणाला, "चलो भैया."

घरी येऊन त्याने सगळे ब्रश धुतले. ते स्वच्छच होते. धुऊन कागदात गुंडाळले आणि पेटी बंद केली. चार दिवसांनी अभय आला. बबन पलंगावरून म्हणाला, "त्याला सांग, पेंटर घरी नाही." मी दारात जाऊन तसेच सांगितले. अभय उंबऱ्यावरूनच परत गेला. त्यानंतर बबन फार काळ राहिला नाही. फुप्फुसे आधीच खराब झाली होती. शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला, "कांते, एक भिंत तरी ठेवायची होती पोराने." भैसाकुंडावर अभयने खांदा दिला, अग्नी दिला, आणि मी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

कलम सहा. या वर्षी जूनमध्ये मोठी आँधी आली, झाडे पडली, पत्रे उडाले. दुसऱ्या दिवशी मी ई-रिक्षाने डालीगंजला जात होते. पुलाखाली वाहने अडली होती, कारण फ्लेक्स फाटून रस्त्यावर आला होता. रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, ये चाय वाला कब पेंट हुआ? एकदम नया है!"

मी मान वर केली. मीनाबाग चहा. लाल अक्षरे, निळा कप, वाफ. शेजारच्या दंतमंजनाचे, बनियनचे नामोनिशाण उरलेले नाही, उन्हापावसाने सगळे धुऊन नेले. आणि ही भिंत बबन आत्ताच हात पुसून बाजूला झाल्यासारखी ताजी. मी रिक्षातून उतरून रस्त्याच्या मधोमध रडले. लोक हॉर्न वाजवत होते.

मग मी जवळ गेले. भिंतीला एकही खिळा ठोकलेला नव्हता. फ्लेक्सची बांबूची चौकट वर पुलाच्या कठड्याला तारेने टांगलेली होती. भिंतीच्या बाजूला जिथे बांबू टेकेल, तिथे प्रत्येक टोकाला कापड गुंडाळून सुतळीने बांधले होते, रंगाला घासू नये म्हणून. कापड विटले होते, पण काठ ओळखू आला. माझे हिरवे लुगडे. वाफ काढून उरलेल्या चिंध्या ब्रश पुसायला पेटीत असत, त्या अभयने तेव्हाच नेल्या असणार.

अभयकडे तेव्हा कामाला असलेला सोनू आता स्वतःची ई-रिक्षा चालवतो. मी त्याला घरी बोलावून विचारले. तो म्हणाला, "अम्मा, ठेका दूसरी पार्टी को जा रहा था. वो लोग पहले दीवार छीलते, फिर लोहे का फ्रेम ठोकते. भैया ने इसीलिए खुद लिया, कोई मुनाफा नहीं था उसमें. जब भी बैनर बदलता, भैया खुद चढ़ते थे. बोलते थे, दीवार को लोहा नहीं छूना चाहिए."

मी विचारले, "तो बाबूजी को बताया क्यों नहीं?"

"बताने ही तो गए थे, अम्मा. आपने कहा पेंटर घर पर नहीं है."

कलम सात. हे कलम वाटणीचे नाही, रागाचे आहे, आणि ते काढून टाकायला मी वकिलांना मनाई केली आहे. अभय, तू एकदा आलास, मग पुन्हा का आला नाहीस? दार ढकलून आत का शिरला नाहीस? बाप पलंगावर होता, धावत जाऊन तुला अडवणार नव्हता. मला पोस्टात येऊन सांगायचे होतेस. त्या कोचिंग क्लासच्या मागे त्याची वाफ जशीच्या तशी आहे, हे एक वाक्य त्याला मरताना मिळाले असते. ते तू पोटात ठेवलेस. स्वभाव बापाचाच उचललास, दोघांनाही मुकाट्याने जळायची हौस. यासाठी मी तुला अजून माफ केलेले नाही. घर मात्र घे.

कलम आठ. मीनाबाग चहाची भिंत. वकील म्हणतात, जी वस्तू तुमची नाही ती तुम्ही कोणाला देऊ शकत नाही, भिंत रेल्वेची आहे. हे मलाही कळते. मी फक्त इच्छा नोंदवीत आहे. भिंत आता उघडी पडली आहे, तेव्हा ऊन लागून हळूहळू उडेल. अभयला ती पुन्हा झाकावीशी वाटेल. त्याने झाकू नये. वरून रंगही देऊ नये. बबनने ती लोकांनी येता-जाता बघावी म्हणून रंगवली होती. जितके दिवस दिसेल तितके दिवस दिसू द्यावी. रेल्वेने उद्या चुना फासला तर भांडायला जाऊ नये.

कलम नऊ. आखायची दोरी, गेरूच्या पुडीसह, माझ्या मृत्यूनंतर अभयला द्यावी आणि कलम सहा व सात त्याला वाचून दाखवावीत.

कलम दहा. मला पांढरे लुगडे नेसवावे, त्रिशरण-पंचशील म्हणावे, तेरावे वगैरे काही करू नये. गाडी भैसाकुंडाला नेताना डालीगंजच्या पुलाखालून न्यावी. वळसा पडेल, पडू द्यावा. तिथे थांबायची गरज नाही.

खाडाखोडीची नोंद. कलम नऊ मी सही करण्याआधी माझ्या हाताने खोडले आहे. वकील हे सारे मोठ्याने वाचून दाखवीत होते तेव्हा माझ्या लक्षात आले की अभयला यातले काही कळायला आधी मला मरावे लागेल. म्हणजे ज्यासाठी वर मी त्याला इतके बोलले, तेच मी करायला निघाले होते. दोरी माझ्या पिशवीत आहे. सोनूची रिक्षा बाहेर उभी आहे. सह्या झाल्या की मी इंदिरा नगरला जाणार, दोरी त्याच्या हातात देणार आणि जे काय ते तोंडाने बोलणार. दुसरे टोक कोणी धरायचे ते त्याचे तो आणि चेतना बघतील. बबनला हे कसे सांगायचे, याचा मार्ग मात्र मला सापडलेला नाही. खाडाखोड मला मान्य आहे.

(सही) कांता बबन लोणारे

साक्षीदार १: प्रसन्न गजघाटे, निवृत्त बँक कर्मचारी, जानकीपुरम, लखनौ.
साक्षीदार २: देवयानी गजघाटे, शिक्षिका, पत्ता वरीलप्रमाणे.

आम्हा दोघांच्या देखत कांताताईंनी मजकूर ऐकला, कलम नऊ खोडले आणि सही केली. मन स्थिर होते. चहा ठेवला होता, त्यासाठी त्या थांबल्या नाहीत.

स्थळ: लखनौ
दिनांक: १३ जुलै २०२५